कॉलरचे कोपरे

गल्लीत तिला सगळे कॉलरवाली म्हणत आणि तिला ते नाव मनापासून आवडायचं. शर्ट कुणीही शिवतं, कॉलर बसली पाहिजे, हे तिचं वाक्य ऐकून शेजाऱ्यांचे कान किटले होते. बाजारातले तीन शिंपी आपापल्या शर्टांच्या कॉलरी तिच्याकडे पाठवत. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र सुईसारखी. कुणी पडदे घेऊन आलं तर ती चष्म्यावरून बघायची आणि सांगायची की सरळ टीप माझं मशीन मी झोपले तरी घालेल, एखाद्या शिकाऊ पोरीकडे जा.

मुलगी आणि जावई दिवसभर कामावर, त्यामुळे शाळा सुटली की नात तिच्याकडेच असायची. नात अकरा वर्षांची, चणीने लहान, म्हणून सगळ्यांची बारकी. यंदा शाळेने बारकीच्या हातात व्हायोलिन दिलं होतं. पहिल्या महिन्यात ती असं काही वाजवायची की शेजारचे काका दाराच्या बिजागरीला घालायला तेलाची बाटली घेऊन आले. बारकीने दोष व्हायोलिनला दिला. आजीने नाचता येईना अंगण वाकडं म्हणून तिला गप्प केलं आणि काकांनाही वाटेला लावलं.

पुढे सूर बरे लागू लागले, पण बारकी वाजवताना पळत सुटायची. ठोक्याबरोबर सराव कर, असं संगीताच्या सरांनी सांगितलं. ठोके देणारा फोन आईबरोबर कामावर जायचा. मग आजी म्हणाली की एवढं पायमशीन घरात असताना फोन कशाला हवा. तिचा पाय चाळीस वर्षं एका लयीत चालत आला होता. तेव्हापासून बारकीने व्हायोलिनचा गज उचलला की आजी नवी कॉलर सुईखाली घ्यायची. एक धून, एक कॉलर. दोन महिन्यांत बारकीचं पळणं थांबलं, आणि त्याचं सगळं श्रेय आजीने न लाजता स्वतःकडे घेतलं.

वार्षिक परीक्षेला नऊ दिवस उरले होते. आठ मुलांतली पाच वाद्यवृंदात घेणार होते. त्यांचं व्हायोलिन त्यांच्याकडे राहणार होतं आणि उरलेल्या तिघांना ते परत करावं लागणार होतं. अशा वेळी सरांची चिठ्ठी आली, की बारकी धुनेत दोन ठिकाणी रेंगाळते, दर वेळी त्याच जागी, आणि कितीही सांगितलं तरी सुधारत नाही. बारकी रडून म्हणाली की मला कळतच नाही मी कुठे थांबते. आजीचा पारा चढला. आपल्या पोरीत खोट काढणारा हा कोण, म्हणत ती दुसऱ्याच दिवशी शाळेत गेली.

सरांनी तिला वर्गात बसवलं आणि बारकीला वाजवायला सांगितलं. आजी कान देऊन ऐकत होती. धून अर्ध्यावर आली आणि आजीचा उजवा हात मांडीवरून आपोआप उचलला गेला, मशीनचं चाक धरायला. त्याच क्षणी बारकी रेंगाळली. थोड्या वेळाने हात पुन्हा उचलला, बारकी पुन्हा रेंगाळली.

कॉलरला दोन टोकं असतात. टोक आलं की पाय मंद करायचा, चाक हाताने धरायचं, सुई कापडात रुतवून कापड वळवायचं आणि पुढे निघायचं. पोरीने धुनेबरोबर कॉलरचे कोपरेही पाठ केले होते.

आजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "सर, चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही. चूक तिची नाही, माझ्या कॉलरची आहे," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं. सर हसले, मग गंभीर झाले. सवय मोडायला आठ दिवस थोडे आहेत, म्हणाले.

परतताना ती वाटेतल्या पडद्यांच्या दुकानात शिरली आणि जन्मभर नाकारलेलं काम मागून घेतलं. दुकानदाराला वाटलं म्हातारी थट्टा करतेय. कॉलरी सकाळी, दुपारी फक्त पडदे. दोन पुरुष उंचीचे पडदे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ टीप, ना वळण ना विसावा. कोपऱ्यावर पायाला घडीभर आराम मिळायचा, हे तिला आता कळलं. गुडघे ठणकायचे.

खरा त्रास गुडघ्यांचा नव्हता. बारकी जुन्या जागी रेंगाळायची, मागे पडायची, रडकुंडीला येऊन आजीकडे बघायची, आणि मशीन पुढे चाललेलं असायचं. नातीसाठी थांबायचं नाही, हे आजीने आयुष्यात पहिल्यांदा केलं आणि तिला ते फार जड गेलं. चौथ्या दिवशी बारकी एका जागी रेंगाळली, दुसऱ्या जागी नाही. सातव्या दिवशी पडदा आणि धून बरोबर संपली. दृष्ट लागेल म्हणून कौतुक न करता आजीने फक्त दोरा तोडला.

परीक्षेला आजी मागच्या बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. न जाणो, हात उचलला जायचा. पहिला कोपरा गेला. दुसराही गेला. शेवटच्या ओळीत मात्र बारकी हळूहळू संथ झाली आणि शेवटचा सूर तिने अलगद खाली ठेवला. आजीने मांड्यांखालचे हात आणखी घट्ट दाबले.

सरांनी मान वर केली. "शेवट असाच उतरवायचा असतो. बाकी सगळे धाडकन थांबले. तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," बारकी म्हणाली. "कापड संपताना आजी अशीच थांबते."

आजीला चष्मा पुसावा लागला. यादीत पाचवं, म्हणजे शेवटचं नाव बारकीचं होतं. व्हायोलिन घरी आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारकीने विचारलं, की आज पडदा का कॉलर. पडदे संपले एकदाचे, असं म्हणत आजीने कॉलर सुईखाली घेतली.

"कोपऱ्यावर मी थांबेन," ती म्हणाली. "तू थांबायचं नाहीस."

बारकीने गज उचलला. पहिलं टोक आलं, आजीने पाय उचलून चाक धरलं. मशीन गप्प झालं आणि नात पुढे वाजवत गेली. कापड वळवायला नेहमी दोन क्षण पुरायचे. त्या दिवशी आजीने चांगले दहा घेतले.