जाळायचा राहून गेलेला झेंडा

कॅल्गरीत जूनच्या सुरुवातीला सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो. हे मला पाठ आहे, कारण दोन उन्हाळे त्या वेळेला घरी असणं हे माझं काम होतं. बेसमेंटच्या खिडकीत लावलेला झेंडा सूर्य मावळला की उतरवायचा, जमिनीला लागू द्यायचा नाही, घडी करून उशीच्या अभ्र्यात ठेवायचा. सकाळी तो पुन्हा लावायचं काम माझं नव्हतं.

झेंडा फिलिपिन्सचा होता आणि माझ्याबरोबर बेसमेंटमध्ये राहणाऱ्या बाईंचा होता. त्या पन्नाशीच्या होत्या. त्यांना सगळे आते म्हणत. त्यांच्या भाषेत मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. मीही म्हणायचे. त्या म्हाताऱ्या माणसांच्या एका केअर होममध्ये दुपारी तीन ते रात्री अकरा काम करत, म्हणून सूर्यास्त माझ्या वाट्याला आला. मी नकाशे करण्याचा डिप्लोमा करत होते आणि संध्याकाळी मला जायला कुठलीच जागा नव्हती.

घर वरच्या मजल्यावरच्या काका-काकूंचं. ते पुण्याचे. आमचं नातं काही नव्हतं. आईच्या ओळखीतून ही खोली मिळाली होती. काका पाइपलाइनच्या कंपनीत इंजिनिअर होते. तेलाचे भाव पडले आणि त्यांची नोकरी गेली. तरी ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसत.

आते वर्षातले सोळाच दिवस झेंडा लावत, अठ्ठावीस मे ते बारा जून. बारा जून हा त्यांचा स्वातंत्र्यदिन. पहिल्या वर्षी त्यांनी मला खिडकीपाशी उभं करून शिकवलं. आडवा लावला तर निळा वर, लाल खाली. उभा टांगला तर बाहेरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला निळा. लाल वर गेला तर त्याचा अर्थ देश युद्धात आहे.

"तुमच्याकडे असं असतं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. आमचं सगळं बोलणं इंग्रजीतच व्हायचं.

मला माहीत नव्हतं. झेंड्याची माझी आठवण म्हणजे शाळेचं पटांगण, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि ऊन. चौथीत गाण्याच्या मिसनी मला सांगितलं होतं की तू नुसते ओठ हलव, सूर जातो. पुढची सहा वर्षं मी राष्ट्रगीताला नुसते ओठ हलवले. पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी शाळेबाहेरच्या गटारात कागदी झेंडे पडलेले असत आणि आम्ही ते ओलांडून जायचो. हे मी आतेंना सांगितलं नाही.

आते गावाकडे वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. सोमवारी सकाळी झेंडा चढवायचा, शुक्रवारी संध्याकाळी उतरवायचा, उजवा हात छातीवर ठेवून शपथ म्हणायची, आणि मुलांच्या रांगा सरळ करायच्या, हे सगळं त्यांच्याकडे होतं. मग लेक नऊ वर्षांची असताना तिला बहिणीकडे ठेवून त्या केअरगिव्हर म्हणून इथे आल्या. पण शाळा त्यांच्या अंगातून गेली नव्हती. एकदा त्या मला त्यांच्या लोकांच्या पिकनिकला घेऊन गेल्या. तिथे कुणीतरी हौसेने झेंडा छापलेले पेपर नॅपकिन आणले होते. आतेंचा चेहरा उतरला. त्या एकेका टेबलापाशी गेल्या आणि सॉस लागलेले, चुरगळलेले नॅपकिन गोळा करून पर्समध्ये भरू लागल्या.

"मॅम, आज सोमवार नाही!" एक तरुण ओरडला.

"मॅम, माझ्या हनुवटीला सॉस लागलाय, आता देशाने काय करायचं?"

सगळे हसले. आतेही हसल्या. पण त्याच्या हातातला नॅपकिन त्यांनी काढून घेतलाच, आणि त्याला आपला स्वतःचा रुमाल दिला. परत येताना ट्रेनमध्ये त्या म्हणाल्या, "नॅपकिनवर, उशीवर, रुमालावर छापायचा नाही असा कायदा आहे. लोकांना वाटतं मी गंमत करते."

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. मी घडी करताना विचारलं होतं की कडेला हे फाटलंय ते शिवायचं का. त्यांनी फाटलेली कड बोटांत धरली. मग म्हणाल्या, "शिवायचं नाही. हा जाळायला हवा होता."

झेंडा शाळेचा होता. उन्हापावसात विरला, की तो सगळ्यांसमोर, गीत म्हणून, आदराने जाळायचा असा त्यांचा नियम. नोकरी सोडायच्या आदल्या आठवड्यात हा झेंडा जाळायचं काम आतेंकडे आलं होतं. मुख्याध्यापकांनी त्यांच्या हातात दिला, आणि दुसऱ्या दिवशी आतेंनी, वर्गासमोर उरकलं असं सांगून, जुन्या पडद्याचं कापड जाळून राख दाखवली. झेंडा सामानात घालून इकडे आणला.

"वीस वर्षं मी मुलांना सांगितलं, नियम म्हणजे नियम," त्या म्हणाल्या. "आणि चोरी मीच केली. मला वाटलं, हा तरी बरोबर असू दे."

लेक इथे आली की तिला समोर उभी करून तो नीट जाळायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून इतकी वर्षं थांबल्या होत्या. लेकीचे कागद आधी उशिरा लागले, मग अडकले, मग मधेच नियम बदलला आणि तिचं वय त्याच्या बाहेर गेलं. त्या वर्षी मे संपता संपता शेवटचं, नकाराचं पत्र आलं. आतेंनी ते फ्रिजवर लावलं, जिथे त्या माझ्यासाठी रोजची सूर्यास्ताची वेळ लिहून ठेवत. दोन दिवसांनी लेकीचा फोन आला, तो त्यांनी स्पीकरवर घेतला. मी पातळ भिंतीपलीकडे होते. मला भाषा कळली नाही, पण लेक रडत नव्हती एवढं कळलं. रडत होत्या त्या आतेच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या. काकांच्या मागच्या अंगणात शेकोटी पेटवायचं लोखंडी फायरपिट होतं. ते बारा जूनला अर्धा तास वापरू द्या, हे मी काकांना आमच्या भाषेत विचारावं. आणि त्या वेळी मी तिथे उभं राहावं.

"एकटीने जाळला तर ते नुसतं कापड जाळणं झालं," त्या म्हणाल्या. "समोर कुणीतरी हवं. तू गाऊ नकोस. नुसती सरळ उभी राहा."

मी हो म्हटलं.

वर जायला मला चार दिवस लागले. काकू शिरा करत होत्या, काका लॅपटॉपसमोर.

"काका, एक विचारायचं होतं. आतेंना मागचं फायरपिट हवंय. एकदाच."

"घेऊ दे की. बार्बेक्यू करतायत? आम्हाला बोलवा म्हणावं."

"नाही. त्यांना झेंडा जाळायचाय."

काकांनी मान वर केली. "काय जाळायचाय?"

"झेंडा. त्यांच्या देशाचा."

"अगं, वेडबिड लागलंय का? माझ्या बॅकयार्डात झेंडा जाळणार?"

"अगंबाई," काकू कढई उतरवत म्हणाल्या, "एवढी देवासारखा लावते खिडकीत, आणि जाळणार? देशाशी भांडण झालं की काय तिचं?"

"तो शेजारचा म्हातारा दिवसभर खिडकीत बसलेला असतो," काका म्हणाले. "व्हिडिओ काढून टाकेल. ब्राउन फॅमिली बर्निंग फ्लॅग. कुणाचा झेंडा ते कोण विचारतंय? इथे मी रोज अप्लाय करतोय बाळा, कुणी माझं नाव गूगल केलं तर काय दिसेल? सांग तिला, नाही म्हणावं."

माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. जुना झालेला झेंडा सन्मानाने जाळायचा असतो, तसा त्यांच्याकडे नियम आहे. जिना चढताना ते मी दोनदा मनात म्हटलं होतं. पण 'सन्मानाने' हा शब्द मी आयुष्यात कधी मोठ्याने बोलले नव्हते. काका माझ्याकडे बघत होते, काकू बघत होत्या. मी म्हटलं, "बरं, सांगते." काकूंनी वाटीत शिरा दिला. तो घेऊन मी खाली आले.

आते जिन्याच्या तळाशी उभ्या होत्या. त्यांनी बोलण्याचा आवाज ऐकला असणार, शब्द कळले नसणार. मला काकांचा नकार सांगायचा होता. पण मग त्यांनी विचारलं असतं, तू समजावून सांगितलंस का? त्या वर्षी उत्तरेकडे मोठे वणवे पेटले होते. मे महिन्यात आमच्या शहरातही काही दिवस आगीवर बंदी होती. ती उठल्याचं मी वाचलं होतं.

मी म्हटलं, "फायर बॅन आहे. कुणालाच काही पेटवता येत नाही."

आतेंनी लगेच मान डोलावली. "मग नाहीच," त्या म्हणाल्या. "नियम आहे तर थांबू."

बारा जूनला त्यांनी सुट्टी घेतली होती. दिवसभर पाऊस पडला. ठेवणीतला पांढरा ब्लाउज घालून त्या खिडकीपाशी बसल्या होत्या आणि त्या दिवशी सूर्यास्ताला झेंडा त्यांनी स्वतः उतरवला. मी दारात उभी होते. अंगण चिंब होतं. एवढ्या पावसात कसली बंदी, असं त्यांच्या मनात आलं असेल का, हे मी अजून स्वतःला विचारते. दर आठ-दहा दिवसांनी विचारायच्या, "बंदी उठली?" मी म्हणायचे, "अजून नाही." जुलैत विचारलं, ऑगस्टमध्ये विचारलं. दर वेळी खरं सांगणं आदल्या वेळेपेक्षा अवघड झालेलं असायचं. मग थंडी आली आणि त्यांनी विचारणं सोडलं.

पुढच्या मे महिन्याच्या आधीच काकांनी घर विकलं. मला पश्चिम किनाऱ्यावरच्या कोक्विटलाममध्ये एका सर्व्हे ऑफिसात काम मिळालं होतं. आतेंनी शेजारच्या प्रांतातल्या एका लहान गावात, म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी राहून त्यांना सांभाळायची नोकरी धरली. निघायच्या दिवशी त्यांनी अभ्रा माझ्या हातात दिला.

"तिथे माझं अंगण नसेल, लोकांच्या घरात मागता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तू समुद्राकडे चाललीस. तिथे पाऊस असतो. तिथे बंदी नसेल."

पावसासाठी त्यांनी मला निवडलं होतं. तेव्हा सांगता आलं असतं. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. मी म्हटलं, "हो आते, करीन."

त्या गेल्यावर काका शेवटचे खोके उचलायला खाली आले. "हे काय धरून बसलीयेस?"

मी सांगितलं. शाळा, पडदा, राख, लेक, नियम, सगळं. माझं मराठी मधे मधे अडलं, तरी सांगितलं. बंदीचं तेवढं सांगितलं नाही. काका खोका खाली ठेवून ऐकत राहिले.

"म्हणजे जुना झाला म्हणून," ते म्हणाले. "अगं, मग तेव्हा असं सांगायचंस ना! मला वाटलं निषेध-बिषेध आहे. आपल्याकडेसुद्धा तसंच करतात. मी उभा राहिलो असतो की. काकू उभी राहिली असती." त्यांनी फोन काढला. "गेली का टॅक्सी? बोलाव तिला परत."

मी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर काय सांगून? बंदी आज उठली? काकांनी थोडा वेळ वाट बघितली. मग त्यांच्या लक्षात आलं की घराची किल्ली सकाळीच देऊन झाली आहे आणि मागचं अंगण आता आपलं नाही. ते खोका घेऊन वर गेले.

कोक्विटलाममध्ये मी अकराव्या मजल्यावर राहते. बाल्कनीत मेणबत्तीसुद्धा लावायची नाही, असं कंडोच्या नियमात लिहिलेलं आहे. खाली पार्क आहे, जंगल आहे, मागितली तर परवानगी मिळेल अशा जागा आहेत. मागायला तोंड उघडावं लागतं. ऑफिसात एक फिलिपिनो मुलगा होता, तो उभा राहिला असता. त्याला विचारायचं वाक्य मी वर्षभर तयार ठेवलं आणि मग तो नोकरी सोडून गेला.

त्याच्या आधीच, मी इथे आल्यावरच्या पहिल्या जूनमध्ये, बारा तारखेला आतेंचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. पलीकडे कुणाचा तरी टीव्ही चालू होता.

"झालं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "झालं."

"किती जण होते?"

"चार."

"सरळ उभे होते?"

"हो."

"आणि गीत? गीत कुणी म्हटलं?"

"मी," मी म्हटलं. "तुम्ही शिकवलंत तसं." त्यांनी मला ते कधी शिकवलं नव्हतं. तरी त्या काही बोलल्या नाहीत. मग रडायला लागल्या, आणि रडता रडता मला थँक यू म्हणत राहिल्या. "आता माझ्यावर चोरी नाही," त्या म्हणाल्या. "लेकीला सांगते आज."

त्यानंतर त्यांनी दोनदा फोन केला. मी उचलला नाही. आता येत नाही.

झेंडा माझ्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर आहे, त्याच अभ्र्यात. त्याच्यावर काही ठेवायचं नाही, हा नियम मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. तेवढा मी पाळते. तो आता जाळला, तरी जाळल्याचं सांगायला कुणी उरलेलं नाही, कारण जिला सांगायचं तिला मी ते सांगून बसले आहे.