जास्तीची दोन घमेली

सावळीराम माळी नाट्यगृहाच्या माळ्यावर एकवीस वर्षं पडद्यांचे दोर ओढत होता. एवढ्या वर्षांत त्यानं शेकडो नाटकं पाहिली, पण सगळी वरून. नटांच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांच्या टकलांशी त्याची ओळख जास्त. अठ्ठ्याण्णव साली त्याचा उजवा खांदा गेला. हे फक्त बायकोला, वत्सलाबाईला, ठाऊक होतं. व्यवस्थापकांना ठाऊक झालं असतं, तर पाठ धरलेल्या जुन्या जोडीदारासारखी, पुंजासारखी, त्याचीही रवानगी सायकल-स्टँडवर झाली असती.

महालाचा पडदा सगळ्यांत जड. दोराच्या एका टोकाला महाल, दुसऱ्या टोकाला तोलासाठी वाळूची गोणी. सावळीरामनं रविवारी सकाळी नदीवरून वाळू आणली आणि गुपचूप दोन घमेली गोणीत जास्तीची ओतली. महाल पिसासारखा वर गेला.

वर गेलेलं खाली आणावं लागतं, हे एकवीस वर्षं तेच काम करणाऱ्या माणसाच्या लक्षात दुपारच्या प्रयोगाला, दुसऱ्या अंकात आलं. महाल जमिनीच्या चार फूट वर अडला. खांद्यानं नकार दिला. सावळीरामनं महालाकडचा दोर कमरेला गुंडाळला आणि कठड्याबाहेर अंग सोडलं. महाल आणखी फूटभर उतरला.

"दादा, घ्या ना खाली!" शेजारच्या दोरावरचा यादव कुजबुजला.

"मीच टांगलोय हितं. अजून काय घेऊ?"

खाली महाराज मुकुट सावरत, महालाखालून वाकून आले. "प्रधानजी, आमच्या दरबारात वाकून यायची पद्धत कधीपासून?"

"बाकी सगळे रोज वाकतात, महाराज. आज आपली पाळी."

टाळ्या थांबेनात. सावळीराम अठरा मिनिटं लोंबकळला.

प्रयोग संपताच दिग्दर्शक स्वतः शिडी चढून आले. सावळीरामला सायकल-स्टँडचं स्टूल दिसू लागलं.

"काका, हे ठरवून केलंत?"

खांद्याचं ओठांवर आलं होतं. "हो," तो म्हणाला.

"आता उरलेल्या अकराही प्रयोगांना असंच. बरोबर तीन फूट!"

ते उतरून गेले. यादवनं गोणी चाचपली, मग दादाच्या खांद्याकडे पाहिलं.

"किती घमेली?"

"दोन."

"पुढच्या रविवारी मी टांगतो. पण माझं वजन लय हाय, महाल पार जमिनीला टेकंल. अजून एक टाका."

म्हणजे पुन्हा नदीवर सायकल हाकणं आलं. सावळीराम डाव्या हातानं शिडी धरून सावकाश उतरू लागला.