काढून न टाकलेला सहायक

फुटबॉल मॅनेजरच्या कॉम्प्युटरवरच्या खेळात आपला पाय चेंडूला कधीच लागत नाही. संघ निवडायचा, डावपेच ठरवायचे आणि मग स्क्रीनवर पळणारे ठिपके बघत बसायचं. कोणाशी बोलावं लागत नाही म्हणून मला तो आवडला असावा.

शिकवला चुलतभावाने, दादाने. तो धुळ्याला, मी जळगावला. लहानपणी सुट्टीत आम्ही दिवसभर भांडायचो. मोठे झालो आणि लग्नकार्यात भेटलो तरी काय बोलावं ते सुचेना. मग त्याने खेळातला एक इंग्लिश संघ दोघांत मिळून घेतला. सेव्ह केलेली फाइल आम्ही एकमेकांना पाठवायचो आणि त्या निमित्ताने फोन पुन्हा सुरू झाले. पुढे तो नानांच्या, म्हणजे माझ्या काकांच्या, पाण्याच्या पंपांच्या दुकानात बसू लागला. मग सामने मीच खेळायची आणि त्याला फोनवरून सांगत राहायची.

संघाबरोबर एक सहायक प्रशिक्षक आयताच मिळाला होता, क्लबचा निवृत्त खेळाडू. डावपेचांच्या ज्ञानात वीसपैकी सात गुण.

"काढ त्याला," दादा सारखा म्हणायचा.

मी बटणापर्यंत जायची. 'नक्की काढायचं?' असं स्क्रीनवर आलं की परत फिरायची.

"तो काय आपला मामा शे का?"

"असू दे रे दादा. जुना माणूस आहे."

"जुना तर आपला फ्रीज बी शे!"

वाईट हे की सहायक नेहमी चुकायचा नाही. डावी बाजू सांभाळा म्हणाला, मी ऐकलं नाही आणि गोल डावीकडूनच झाला. पुढच्या सामन्यात ऐकलं, तर गोल उजवीकडून. एकदा पुढे सरका म्हणायचा आणि थोड्या वेळाने मागे या. त्याच्यावर विश्वास ठेवता येत नव्हता आणि अविश्वासही.

हंगामाचा शेवटचा सामना आला. जिंकलो तर टिकणार, नाहीतर संघ खालच्या श्रेणीत आणि मॅनेजरची नोकरी जाणार. नोकरी गेली म्हणजे संघ गेला. मग फोन कशासाठी करायचा, हा विचार मी मनातही पूर्ण होऊ दिला नव्हता.

आम्ही एका गोलने पुढे होतो. उत्तरार्धात सहायकाच्या सल्ल्याची खिडकी उघडली: आघाडी राखा, मागे सरका, दमलेल्या स्ट्रायकरला बाहेर घ्या.

"अजिबात ऐकू नको," दादा म्हणाला. त्याचा फोन स्पीकरवर होता.

मागून नानांचा आवाज आला. "कोन शे हाऊ सहायक? पगार देस ना त्याले?"

"नाना, गेम शे तो."

"गेम ते गेम. पगार देस ते मंग त्यानं म्हननं ऐक ना!"

दादा हसला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. "थांब, आलोच," म्हणत त्याने फोन काउंटरवर ठेवला. मी सामना थांबवला. पलीकडे मोटारीच्या वॉरंटीवरून हुज्जत चालली होती. मी दोनदा हॅलो म्हटलं, तेही हळू, कारण बाजूच्या खोलीत आई होती.

स्ट्रायकर खरोखर दमला होता. दादा येईना. मी सल्ला स्वीकारला आणि सामना पुढे सुरू केला.

सगळा संघ आमच्या गोलसमोर गोळा झाला. कॉर्नरवर त्यांनी बरोबरी केली. लगेच खिडकी उघडली: पुढे सरका, आक्रमण करा. पण गोल करणारा तर बाकावर बसला होता. उरलेला वेळ मी नुसती बघत राहिले.

सामना संपल्यावर संचालक मंडळाचा निरोप आला. मला काढलं होतं. 'नक्की काढायचं?' असं कोणी कोणाला विचारलं की नाही, माहीत नाही. नवा मॅनेजर मिळेपर्यंत संघाची सूत्रं सहायकाकडे.

आधीची फाइल उघडून तोच सामना पुन्हा खेळता आला असता. दादाला कळलंही नसतं. पण दुसऱ्यांदा तरी मी काय केलं असतं?

फोन उचलल्याचा आवाज आला. "हां, बोल. काय झालं?"

"बरोबरी. मला काढलं."

"सल्ला ऐकला?"

"हो."

तो चिडेल म्हणून मी थांबले. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पलीकडे शटरशी कोणीतरी पाइप ओढत होतं.

"बरं," तो म्हणाला. आणि मग, लग्नात भेटलेल्या लांबच्या बहिणीला विचारावं तसं, "जेवण झालं का तुझं?"

झालं, मी म्हटलं.