भिंतीकडं तोंड केलेला लांडगा

सुप्याच्या आमच्या घरी ओसरीवर लांडग्याचं चित्र होतं. कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकातलं जुनं पान वडिलांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणून काच लावून घेतलं होतं. काढणाऱ्या साहेबानं आमचा माळ काही पाहिलेला नसावा. आमच्याकडचा लांडगा सडपातळ, आणि ह्याच्या अंगावर घोंगडं पांघरल्यासारखे केस!

संध्याकाळी शेरडं माळावरून परतली की आई मला ओरडायची, "फिरव त्याला भिंतीकडं. शेरडं बिचकत्यात."

वडील हसायचे. "चित्राला कोण भितंय?"

"तुमाला काय म्हाईत? पान्हा चोरत्यात ती."

मी चित्र फिरवायचो. मगच आई धारेला बसायची.

आता ते चित्र बारामतीच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या वर आहे. येणारे म्हणतात, असली जुनी चित्रं हल्ली फॅशनमध्ये आहेत. फॅशन कसली डोंबलाची! आई गेली, शेरडं तर तिच्याही आधी विकली.

तरी दिवेलागणीला मी उठतो, लांडग्याचं तोंड भिंतीकडं करतो आणि दार जरा उघडं ठेवतो. न जाणो, बिचकून खालीच थांबली असतील.