साहेबांनी लिफ्टमध्ये पाय न ठेवता लिफ्ट पास केली

मंडळी, आज लालबागला आमच्या पुनर्विकासाच्या इमारतीत लिफ्टची सरकारी तपासणी होती. म्हणून सेक्रेटरींनी सकाळपासून लिफ्टच बंद ठेवली. का? तर साहेब यायच्या आधी बिघडायला नको!

ही लिफ्ट हल्ली प्रत्येक मजल्याच्या चार बोटं खाली थांबते. गेल्या आठवड्यात आई तिथेच अडखळून पडली. आज तीच आई भाजीची पिशवी घेऊन नऊ मजले चढली.

दुपारी साहेब आले. सोसायटीच्या ऑफिसात बसले, बटाटेवडे खाल्ले आणि कागदांवर सह्या केल्या. तपासणी कसली, पाहुणचार होता नुसता!

मी म्हटलं, "साहेब, एकदा लिफ्टने नवव्या मजल्यापर्यंत चला ना."

रुमालाला हात पुसत म्हणाले, "गरज नाही. मेंटेनन्सवाल्याने फोटो पाठवलेत."

वर जाऊन आईला सांगितलं. गुडघ्याला तेल चोळत ती म्हणाली, "तेका इचार, तुझ्या आवशीक बसवशीत काय ह्या लिफ्टीत?"

मी जिन्याने खाली धावलो, तोवर साहेब पसार.

तुमच्याकडे असले साहेब आले, तर आईचा प्रश्न तेवढा विचारा, "स्वतःच्या आईला बसवाल का ह्या लिफ्टमध्ये?" आणि उत्तर मिळेपर्यंत वडे देऊ नका.