वस्तादांची हजेरी

आमच्या वस्तादांना माणसं मोजलेली अजिबात खपायची नाहीत. वीज खात्यात नवा नवा इंजिनियर म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच सकाळी ट्रकजवळ उभं राहून मी बोट नाचवत 'एक, दोन, तीन' सुरू केलं. ट्रकच्या फाळक्याला टेकलेला, कानावर बिडी खोचलेला खाकी कोटातला माणूस म्हणाला, "पोते मोजतेत, साहेब. माणसाले नावानं हाक मारा लागते." ते आमच्या टोळीचे फोरमन. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. मी तेवीस वर्षांचा, ते पन्नाशीचे, आणि कागदोपत्री मी त्यांचा साहेब!

त्यांची हजेरी सकाळी नसायचीच. खांबांवरचं काम संपलं, आता वीज सोडायची, की ती सुरू व्हायची. दहा नावं, एकेक करून. ज्याचं नाव, त्यानंच समोर येऊन सांगायचं, "खाली आहो, वस्ताद!" शेजाऱ्यानं परस्पर 'आहे तिकडे' म्हटलेलं चालत नसे. दहावं उत्तर येईपर्यंत ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज त्यांच्या कोटाच्या खिशात. ते बसवल्याशिवाय तारेत वीज जाणं शक्यच नव्हतं. मला तेव्हा हे सगळं नाटक वाटायचं.

सकाळी मात्र ते प्रत्येकाचा कमरेचा पट्टा स्वतः ओढून बघत. दोन्ही हातांनी लोंबकळतच म्हणा ना! पट्टा बघता बघता माणूसही बघून घेत. "काहून गा शालिक, डोये लाल दिसून राहिले?" शालिक हा टोळीतला सगळ्यात चपळ गडी, खांबावर सरसर चढायचा. त्याच्या घरी लेकरू तापानं फणफणलं होतं, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. वस्ताद मोठ्यानं म्हणाले, "आज तार ताणाले मले जोरदार माणूस पायजे. शालिक, तू खालीच राह्य." बाकीच्यांना वाटलं, शालिकचा मान वाढला. खरं कारण त्यांनी मला दुपारी सांगितलं, तेही मी चारदा विचारल्यावर.

आणि खांबावरच्या माणसाला ते कधी म्हणजे कधी रागावले नाहीत. एकदा एकानं तार उलटी बांधली. मी खालून ओरडायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझा दंडच धरला. "वरच्या माणसाले बोलू नये, साहेब. त्याचे हात तारेवर हायेत." माणूस उतरला. वस्तादांनी त्याला आधी लोटाभर पाणी दिलं, आणि मग असा झापला की ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा लांब जाऊन उभा राहिला. तेव्हापासून वस्तादांनी हातात लोटा दिला की टोळीत सगळ्यांना कळायचं, आता याचं काही खरं नाही.

मग तो दिवस उजाडला. पारशिवनीकडच्या एका गावात पहिल्यांदा वीज यायची होती. काय सांगू तो उत्साह! दारोदार सडे पडलेले, बैलांची शिंगं रंगवलेली, बायका नवी लुगडी नेसून ट्रान्सफॉर्मरभोवती जमलेल्या. एक आजोबा तर सकाळपासून खांबावरच्या दिव्याकडे मान वर करून बसले होते. चारची वेळ मी दिली होती. पंचायत समितीचे सभापती हार घालून घेऊन पलीकडच्या मांडवात बसले होते आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. साडेचार झाले. 

वस्तादांनी हजेरी सुरू केली. नऊ जण 'खाली आहो' म्हणाले. शालिकचं उत्तर आलं नाही.

मी म्हणालो, "अहो, तो एक जण असेल कुठेतरी पाणी पीत. नऊ आहेत ना? लावा फ्यूज."

"शालिक!" वस्तादांनी पुन्हा हाक दिली.

"वस्ताद, हा माझा हुकूम आहे!" मी अख्ख्या टोळीसमोर डाफरलो.

ते शांतपणे म्हणाले, "फ्यूज माह्या खिशात हायेत, साहेब. खिसा फाडून घ्या, नाहीतर थांबा." एक हात खिशावर दाबून धरत त्यांनी दोघांना शाळेमागे, शालिकच्या खांबांकडे पिटाळलं.

शालिक शाळेमागच्या शेवटच्या खांबावर होता. एक बांधणी ढिली वाटली म्हणून कुणाला न सांगता परत चढला होता. मधल्या मोठ्या कडुलिंबामुळे तो कुणाला दिसला नव्हता, आणि गर्दीच्या गलक्यात त्याला हाका ऐकूच गेल्या नव्हत्या. दोन्ही हातांत उघडी तार! उतरून तो धावत आला, "खाली आहो, वस्ताद!" म्हणाला, आणि तेव्हा कुठे वस्तादांनी खिशातले फ्यूज बाहेर काढले.

सभापतींनी उशीर का म्हणून विचारलं. वस्ताद हात जोडून म्हणाले, "साहेबांनीच थांबवलं जी. एक माणूस वर होता. तो उतरल्याबिगर चालू करू नका म्हणले." टाळ्या पडल्या. दिवे लागले. सारं गाव एका सुरात ओरडलं, ते आजोबा उठून चक्क नाचले, आणि मी त्या जल्लोषात चोरासारखा उभा होतो.

परतीला ट्रकपाशी वस्तादांनी माझ्यासमोर लोटा धरला. "पाणी प्या, साहेब." मी समजलो.

पण ते ओरडले नाहीत. म्हणाले, "घाई साऱ्यालेच होते. पण तुमी 'तो एक जण' म्हणलं. शालिक म्हणलं असतं, त तुमचाच हात थांबला असता."

पुढे माझ्या हाताखाली कितीतरी माणसं आली. मी एकालाही मोजलं नाही.

वस्ताद निवृत्त होऊन शहरातल्या नंदनवन कॉलनीत मुलाकडे राहायला गेले. काही वर्षांनी मुलाचा निरोप आला: बाबा तापात आहेत, दोन दिवस नुसती नावं घेतायत, डोळा मिटत नाहीत. मी टोळी गोळा केली. कुणी मौद्याहून आलं, कुणी पारशिवनीहून. भर दुपारी आम्ही खाटेभोवती उभे राहिलो. वस्तादांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशावर घट्ट दाबलेला होता. ते पुटपुटले, "गुलाब..."

"खाली आहो, वस्ताद!"

एकेक नाव, एकेक उत्तर. शालिकचं नाव शेवटी आलं. त्याला हुंदका आवरेना, तरी तो खणखणीत ओरडला, "खाली आहो, वस्ताद!"

वस्तादांनी डोळे उघडून मला शोधलं. खिशावरचा हात सुटला.

"साहेब," ते म्हणाले, "आता करा चालू."

आणि ते झोपले.