लेडीज बॅग, डाऊन

आधीच सांगून टाकतो, मी भूतबीत मानणारा माणूस नाही. उलट आमच्या मेहकरात निम्मी भुतं मीच होतो. शाळेत असताना विहिरीमागून म्हातारीच्या आवाजात हाका मारून पोरं पळवलीत. हेडसरांच्या आवाजात "वर्ग सोडा" म्हणून अख्खी आठवी ब घरी पाठवलीय. त्यामुळे कुणी "मला आवाज आला" म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो — काढला कुणी?

या वेळी हाच प्रश्न सगळ्यांनी मला विचारला. आणि मी काढला नव्हता यार! तुमच्यातले अर्धे लोक शेवटी म्हणणार की यानंच केलं असणार. म्हणा. माझा रूममेट अजून तेच म्हणतो.

मी अ‍ॅशबर्नला असतो, व्हर्जिनियात. डेटा सेंटरमध्ये नोकरी. मागच्या वर्षी आई पहिल्यांदा अमेरिकेत आली. तिला कुठेतरी फिरवायचं म्हणून विमानानं ऑरलँडोला नेलं, फ्लोरिडात. सोबत रूममेट तुषार. तो पुण्याचा, त्यामुळे तिथे भाड्याची गाडी तो चालवणार आणि चुका माझ्या काढणार, असं आमचं ठरलेलंच असतं.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा एसटीत कंडक्टर होते. जुन्या काळातला लोखंडी तिकीट पंच त्यांच्याकडे होता. पुढे तिकिटाचं मशीन आलं तरी पंच खिशातच. त्यांच्या गाडीतल्या घंटीची दोरी कायम तुटलेली, म्हणून ते पंच दांडीवर आपटायचे. एकदा टक् म्हणजे थांब. दोनदा टक् टक् म्हणजे चल. घरीसुद्धा तेच. आई पिशवी घेऊन निघाली की खाटेवरून टक्! म्हणजे थांब, काहीतरी राहिलं. खरंच काहीतरी राहिलेलं असायचं.

बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. पुण्यानुमोदनाला डेपोतली मंडळी आली होती. वंदना झाली, जेवणं झाली, आणि कुणीतरी मला म्हणालं, "बाबांचा आवाज काढून दाखव ना." मी काढला. "चला, पुढे सरका, मागे जागा हाय..." माणसं हसली, रडली. आई उठून आत गेली. रात्री एवढंच म्हणाली, "त्यायचा आवाज पुन्हा काढू नको. मले वाटते, आलेच." तेव्हापासून मी जगाचे आवाज काढले, बाबांचा नाही. आणि तो पंच आईच्या पर्समध्ये राहायला लागला. बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे. अमेरिकेतही तसाच आला.

जाताना मी तो पंच बघितलाच नव्हता. परतीच्या दिवशी सकाळी रूमवर आई पर्स आवरत होती, तेव्हा दिसला.

"आई, हे तू केबिनमध्ये घेऊन आलीस? लोखंडी वस्तू आहे ही! सिक्युरिटीवाले काढून घेतील. कचऱ्यात टाकतात ते, परत देत नाहीत."

"येताना कोणी नाही काढला."

"नशीब म्हण. मोठ्या बॅगेत टाक."

"मी हातातून सोडत नसते तो."

"मग इथेच सोडून जावा लागेल. चालेल?"

थोडं जास्तच बोललो. आईनं बाबांच्या रुमालात पंच गुंडाळला, साड्यांच्या मधोमध ठेवला, आणि मग तिची नेहमीची पद्धत — झिपच्या दोन्ही कड्या गोधडीच्या दोऱ्यानं शिवून टाकल्या. कुलपावर तिचा विश्वास नाही. "कुलूप कोणीही खोलते. शिलाई उसवली तर दिसते," असं तिचं म्हणणं.

त्या रिसॉर्टमध्ये एक भारी सोय होती. लॉबीतच एअरलाइनचं डेस्क. सकाळी तिथे बॅगा द्यायच्या, बोर्डिंग पास घ्यायचा, बॅगा व्हॅननं एअरपोर्टला जाणार आणि थेट आपल्या गावच्या बेल्टवर येणार. आपण दिवसभर हात हलवत फिरायचं. डेस्कवर डोरीन नावाची बाई होती. पन्नाशीची, चष्मा गळ्यात लटकवलेला, प्रत्येकाला "हनी" म्हणणारी. मी आल्या दिवसापासून तिची नक्कल करत होतो, तुषार पोट धरून हसत होता.

आईला मात्र हा प्रकार अजिबात पसंत नव्हता.

"एअरपोर्टले जायच्या आधीच देऊन टाकायची? हॉटेलात?"

"हो. सोय आहे."

"ओळख ना पाळख. कोण हाय ही बाई?"

"काकू, एअरलाइनची आहे ती, बॅज बघा ना," तुषार म्हणाला.

"बॅज तर आमच्या मेहकरात चोरही लावतात, बाळा."

डोरीननं तीन बॅगांना टॅग लावले. माझी काळी, तुषारची काळी आणि आईची लाल. डेस्कमागच्या पोरानं त्या ढकलत दाराबाहेरच्या व्हॅनकडे नेल्या. आई काचेतून बघत उभी राहिली. लाल बॅग आत चढेपर्यंत हलली नाही. तिचा हात सवयीनं पर्समध्ये गेला, रिकामाच बाहेर आला. मला दिसलं ते. मी बघितलं नाही असं दाखवलं.

मग आम्ही तिघं ब्रेकफास्टला गेलो. हे नीट लक्षात ठेवा — तिघं. रूमची दोन्ही की-कार्डं माझ्या पाकिटात. तुषार समोर, आई शेजारी. मी एकदाच उठलो, वॅफलच्या रांगेत उभं राहायला. (हा वॅफल मला आयुष्यभर पुरणार आहे, बघालच.)

खाऊन लॉबीत आलो, तर डोरीननं हात हलवला. डेस्कच्या बाजूला आईची लाल बॅग उभी.

"हनी, ही मी ठेवून घेतलीय. व्हॅन निघतच होती. यू नो, तुझ्या डॅडचा फोन आला ना."

मी हसलो. म्हटलं, दुसऱ्या कुणाशी गल्लत झाली असेल. "माझे डॅड नाहीत," मी म्हणालो. "म्हणजे... वारलेत."

डोरीनचा चेहरा पडला. "ओह. सॉरी, हनी. पण फोन तुमच्या रूममधूनच आला. इथे नंबर दिसतो ना." तिनं डेस्कवरचा फोन वळवून दाखवला. आमचाच रूम नंबर. "वयस्कर गृहस्थ होते. इंग्लिश थोडंच. म्हणत होते, लेडीज बॅग. डाऊन. लेडीज बॅग, डाऊन. तुमच्या तीन बॅगांत बाईंची एकच, म्हणून मी उतरवून घेतली. म्हटलं, तुम्ही आलात की विचारू."

आईला इंग्लिश येत नाही. पण "डॅड" कळतं. आणि "लेडीज" आणि "डाऊन" तर कळतंच... बाबांचं सगळं इंग्लिश तेवढंच होतं. लेडीज सीट, फुल, आणि उतरायला डाऊन.

आई माझ्याकडे वळली. शाळेच्या सगळ्या तक्रारी ऐकूनसुद्धा तिनं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"म्या सांगतलं होतं ना तुले?"

"आई, मी नाही—"

"सांगतलं होतं ना, त्यायचा आवाज काढू नको म्हणून?"

"अगं, मी तुझ्या शेजारी बसलो होतो!"

"वॅफल आणायला गेला होतास," तुषार म्हणाला. पुणेरी मदत.

"वॅफल आणायला गेलो होतो, रूमवर नाही! आणि मी कशाला करू? मीच तर बॅगेत टाकायला लावलं ना?"

"हां, म्हणूनच," तुषार म्हणाला. "गिल्ट आला, मग ड्रामा केला. तुझी स्टाइलच आहे ती."

आई लांब जाऊन सोफ्यावर बसली, पर्स पोटाशी धरून.

मग माझं डोकं दुसऱ्या दिशेनं फिरलं. एवढ्या गर्दीत नेमकी एकच बॅग कुणी का उतरवेल? स्कॅम असणार. डोरीनचाच कुणीतरी माणूस असणार, बॅग उतरवायची, आतलं काढायचं, आणि "डॅडचा फोन" म्हणून गोष्ट सांगायची. मी खाली बसून शिलाई तपासली. एकही टाका उसवला नव्हता. आईच्या हातची गाठ जशीच्या तशी. तरी मी डोरीनकडून कात्री मागून घेतली, दोरा कापला, साड्यांच्या मधे हात घातला. रुमाल होता. रुमालात पंच होता.

म्हणजे चोरी नाही. मग मी तुषारवर उलटलो. "तूच केलंस ना?"

"मी? अरे, मी काकांचा आवाज कधी ऐकलाय? ते गेल्यावर आपण भेटलो. आणि मी तर जागेवरून हललोही नाही, विचार काकूंना."

खरं होतं. मी एकटाच रूमवर पळालो. दारावर मी सकाळी लावलेली "डू नॉट डिस्टर्ब"ची पाटी तशीच लटकलेली. सफाईवाली कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला होती, म्हणाली, इकडे अजून आलेच नाही. आत सगळं जसंच्या तसं. शेजारच्या रूममध्ये उघडणारं दार आमच्या बाजूनं कडी लावून बंद. फोन पलंगाशेजारी, जागेवर. मी तो उचलला सुद्धा... काय ऐकू येणार होतं काय माहीत. नुसती डायल टोन.

खाली आलो आणि ठरवलं, आता एकच उपाय. मी नक्कल केली नाही हे सिद्ध करायला नक्कलच करावी लागणार.

"आई," मी म्हणालो, "एकदाच. तू इकडे ये आणि ऐक. तुझ्यासमोर करतो. ही बाई सांगेल, माझा होता का."

आई आली. डेस्कला हात टेकून उभी राहिली. मी डोळे मिटले आणि इतक्या वर्षांनी बाबांचा आवाज काढला. घशातून नाही, छातीतून, जरा घोगरा, 'ले' वर जोर. "लेडीज बॅग. डाऊन."

मला स्वतःलाच काटा आला.

डोरीननं मान तिरकी करून ऐकलं. मग हळू मान हलवली. "नो, हनी. छान केलंस, जवळजवळ तसाच आहे. पण हा तू आहेस. ते वेगळे होते. आणि शिवाय ते टॅपिंग..."

"कसलं टॅपिंग?"

"मागे काहीतरी वाजत होतं. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं. मला वाटलं, लाइन खराब आहे." तिनं पेन उचललं आणि डेस्कच्या स्टीलच्या कडेवर आपटलं. टक्. थांबली. परत टक्. परत थांबली. "असं. एकेकदाच."

आई खाली बसली. सरळ लाल बॅगेवरच.

हे टकटक मी डोरीनला सांगितलेलं नव्हतं. तुषारलाही माहीत नव्हतं. आणि तो पंच, ज्यानं तसा आवाज निघतो, तो त्या वेळी शिवलेल्या बॅगेत, व्हॅनमध्ये, साड्यांच्या मधे होता.

आई म्हणाली, "तू नव्हता." मग तिनं हात पुढे केला. मी पंच तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो पर्समध्ये टाकला नाही, मुठीतच धरला.

"पण काहून म्हणून उतरवली असेल रे?" तिनं विचारलं.

मला तेव्हा खात्री होती की आता बाकीच्या बॅगांचं काहीतरी होणार. हरवणार, व्हॅनला अपघात होणार, विमान... म्हणजे अशा गोष्टींत तेच होतं ना? काहीही झालं नाही. माझी आणि तुषारची बॅग अ‍ॅशबर्नजवळच्या एअरपोर्टवर बेल्टवरून आरामात फिरत आली. आईची लाल बॅग आम्ही ऑरलँडोच्या एअरपोर्टवर काउंटरला दिली, तीही आली. आणि पंच आईच्या पर्समध्येच गेला. सिक्युरिटीवाल्यानं बाहेर काढून बघितला, दोनदा दाबून पाहिला, हसला आणि परत दिला. नंतर मी नियम वाचले, एवढं छोटं अवजार चालतं म्हणे. म्हणजे बॅगेत टाकायची गरजच नव्हती. मी उगाच दम दिला होता.

बाबा जिवंत असताना आमच्या घरात एक ठरलेलं होतं. आई आणि माझं वाजलं की बाबा माझ्या बाजूनं. "पोरगं म्हणते त ऐक ना त्याचं," एवढंच म्हणून पेपर वाचायला लागायचे. आई चिडायची. त्या फोनच्या आधी एकदाही तिची बाजू घेतली नाही त्यांनी.

त्या दिवशी रिसॉर्टमधून निघताना तुषार स्टिअरिंगवर, मी त्याच्या बाजूला, आई मागे. बॅग डिकीत. तुषार आरशात बघून म्हणाला, "काकू, सगळं घेतलं ना? निघू?"

मागून आवाज आला, सीटबेल्टच्या लोखंडी बकलवर पंच आपटल्याचा.

टक् टक्.

मी वळून बघितलं. पंच आईच्याच हातात होता, वाजवलाही तिनंच. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण तुम्ही विचारणार. तुषारनं गाडी काढली.

फोन कुणी केला, ते मला आजही सांगता येत नाही. रिसॉर्टला मी नंतर दोनदा विचारलं. ते म्हणतात, फोन तुमच्या रूममधूनच आला, याहून जास्त आम्हालाही माहीत नाही. तुषार म्हणतो, वॅफल. आई आता मेहकरला आहे. फोनवर मी कुणाकुणाच्या नकला करतो, ती हसते. मधेच कधीतरी म्हणते, "त्यायचा काढ ना एकदा." आता मीच काढत नाही.